तागडीबाहेरचे धन

दिवाळीचा फराळ आणि फुटबॉलच्या खेळाडूंची देवघेव ही दोन्ही आमच्या मेलबर्नमध्ये साधारण एकाच सुमारास येतात, आणि त्यामुळे चिवड्याच्या बशीबरोबर कोणत्या क्लबाने कोणाला सोडले व कोणाला घेतले याची चर्चाही आमच्या घरी ओघानेच येते, हे या सदराच्या नित्याच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. फुट्सक्रे या पश्चिमेकडील जुन्या कामगारवस्तीत मी राहतो आणि तेथील ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हाच माझा क्लब, हेही त्यांना ठाऊक आहे. या आठवड्यात पुतण्याचे मित्र फराळाला आले होते. सगळे येथेच वाढलेले, मनाने निर्मळ आणि खेळावर निस्सीम प्रेम करणारे तरुण. त्यांतील एकाने चकलीचा तुकडा मोडता मोडता अत्यंत निश्चयाने सांगितले, “काका, टॉम बॉइडचा ट्रेड हा आपल्या क्लबचा सगळ्यात वाईट ट्रेड. इतके पैसे दिले, आणि मिळालं काय?” त्या वाक्याने मला जो संताप आला तो अद्याप ओसरलेला नाही, आणि आजचा मजकूर त्या संतापातूनच लिहिला जात आहे.

ज्यांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या या लीगमध्ये अठरा क्लब आहेत. सप्टेंबरअखेर अंतिम सामना झाला की ऑक्टोबरात क्लबाक्लबांत खेळाडूंची अदलाबदल होते, आणि नोव्हेंबरात ड्राफ्ट, म्हणजे नव्या मुलांची निवड. त्यांतील बहुतेक त्याच वर्षी अठरा पूर्ण करणारी. गुणतक्त्यात जो क्लब तळाशी राहिला त्याला निवडीचा पहिला मान, हा 1986 पासूनचा शिरस्ता. वेतनावर प्रत्येक क्लबाला मर्यादा घालून दिलेली असल्यामुळे आयपीएलसारखी पैशाची उघड बोली येथे लागत नाही. येथील खरे चलन म्हणजे निवडीचा क्रमांक, जो खेळाडूच्या मोबदल्यात देता येतो, घेता येतो, आणि 2015 पासून पुढील वर्षाचाही आगाऊ देता येतो. खेळाडूच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे धाडता येत नाही, हे कलम मात्र वाद घालणारे बहुधा विसरतात.

वादाला माझा आक्षेप नाही. उलट, न्हाव्याच्या खुर्चीत, वेरिबीच्या गाडीत, मुलांच्या सरावाच्या मैदानाबाहेर थंडीत उभे राहून चाललेले हे वाद ज्या तपशिलाने आणि ज्या स्मरणशक्तीने चालतात, तिचा मी मनापासून आदर करतो. 2001 साली फ्रीमँटलने ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅक्फार्लिन या दोघांसाठी आपला पहिला, विसावा आणि छत्तिसावा क्रमांक हॉथॉर्नला दिला. पहिल्या क्रमांकावर हॉथॉर्नने ल्यूक हॉज घेतला आणि छत्तिसाव्यावर सॅम मिचेल, ज्या दोघांच्या आधारावर त्या क्लबाने पुढे चार अजिंक्यपदे मिळवली, आणि क्रोड तर दोन हंगामांनंतर हॉथॉर्नलाच परत आला. या व्यवहाराला दोन तपे उलटली तरी फ्रीमँटलचा जुना समर्थक आजही तो कालच झाल्यासारखा मांडतो. एसेंडनच्या लोकांना विचारावे, तर 1990 मध्ये जेम्स हर्डला एकोणऐंशीव्या क्रमांकापर्यंत कोणी हात लावला नव्हता, आणि सहाच वर्षांत तो लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ब्राउनलो पदकाचा मानकरी झाला, ही हकीकत ते घरच्या मुलाच्या यशासारखी सांगतात. ज्याला आपल्या क्लबाच्या भवितव्याची अहोरात्र चिंता आहे तोच माणूस एवढा हिशेब ठेवतो. आणि ही चिंता प्रेमाखेरीज संभवत नाही.

माझी तक्रार पुढची आहे. निवडीच्या दिवशी मुलाला मिळालेला क्रमांक हा त्याच्याविषयीचा एक अंदाज असतो, सतरा वर्षांच्या देहाकडे आणि स्वभावाकडे पाहून अनुभवी माणसांनी प्रामाणिकपणे बांधलेला. परंतु आपण समर्थक तो अंदाज त्या मुलाने स्वतः दिलेल्या कबुलायतीप्रमाणे जपून ठेवतो आणि दर शनिवारी त्याच्याकडून वसूल करू पाहतो. जॅक वॉट्सला मेलबर्न क्लबाने 2008 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतले, आणि पुढल्या जूनमध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकत असतानाच, राणीच्या वाढदिवसाच्या सुटीच्या दिवशी कॉलिंगवूडसमोर तो एम.सी.जी.वर प्रथम उतरला. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला निक नायटानुई दूर पर्थमध्ये खेळत होता, आणि वॉट्सने चेंडू सोडला की स्टँडमध्ये नायटानुईचे नाव निघे. वॉट्सने काय केले याऐवजी त्याच्या जागी कोण असू शकला असता याच मापाने त्याची सारी उमेदीची वर्षे मोजली गेली. क्रमांक त्याने मागितला नव्हता. तो दिला कोणी, आणि त्याची शिक्षा भोगली कोणी, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते.

आता टॉम बॉइडकडे येतो. ग्रेटर वेस्टर्न सिडनीने त्याला 2013 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतले. वर्षभराने आमच्या क्लबाचा कप्तान रायन ग्रिफेन याने सोडून जाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा ग्रिफेन आणि सहावा क्रमांक त्यांना देऊन आमच्या क्लबाने बॉइडला आणले, आणि त्याच्याशी सात वर्षांचा करार केला, ज्याची रक्कम सुमारे सत्तर लाख डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. मुलगा एकोणीस वर्षांचा होता. 1954 नंतर आमच्या क्लबाला एकही अजिंक्यपद मिळालेले नव्हते, आणि 1989 मध्ये तर कर्जापायी हा क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करण्याची तजवीज वरिष्ठ पातळीवर पक्की झाली असताना याच वस्तीतल्या लोकांनी रस्तोरस्ती डबे फिरवून पैसा उभा केला व तो वाचवला होता. अशा लोकांच्या सगळ्या अतृप्त आकांक्षांचा भार त्या करारामुळे एका मुलाच्या खांद्यावर पडला.

2016 च्या अंतिम सामन्यात सिडनीविरुद्ध त्याने तीन गोल केले. शेवटच्या चतुर्थांशात मैदानाच्या मधल्या चौकोनातून त्याने लांबवर मारलेला चेंडू जेव्हा रिकाम्या गोलाकडे टप्पे घेत गेला, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी वृद्धाने माझा हात जो धरला तो सामना संपेपर्यंत सोडला नाही. आम्ही 89–67 ने जिंकलो. बासष्ट वर्षांची प्रतीक्षा त्या दुपारी संपली. पुढच्याच वर्षी बॉइडने आपल्याला नैराश्याने ग्रासले असल्याचे सांगून खेळातून रजा घेतली, आणि 2019 च्या मे महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कराराची उरलेली वर्षे आणि त्यांचे वेतन सोडून तो निवृत्त झाला. पुढे त्याने आपल्या मनोव्यथेविषयी मोकळेपणाने लिहिले आणि सांगितले, ज्याचा अनेकांना आधार झाला असेल याविषयी मला शंका नाही.

हे सर्व त्या तरुणाला मी सांगितले. तो म्हणाला, “पण काका, करार सात वर्षांचा होता. निम्म्याहून थोडाच अधिक काळ खेळला तो.” मी त्याला विचारले की, फुट्सक्रेच्या ज्या घरांत माणसे एका अजिंक्यपदाची वाट पाहत जगली आणि गेली, त्या घरांना त्या एका दुपारची किंमत किती सांगावी? आणि समजा त्या दिवशी आम्ही हरलो असतो, तरीही आजारी पडलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने कोणाचे काही बुडवले, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचतो? क्लबाने करार केला तो खेळासाठी. मुलाचे मन त्या करारात तारण ठेवलेले नव्हते. तो मुलगा सुस्वभावी आहे. काही वेळ गप्प राहून तो म्हणाला, “बरं, पण सॅम डार्सी तर आपलाच आहे ना!” आणि एका क्षणात सारी मंडळी खुलली.

येथे विषय बदलला, आणि माझाही बदलतो आहे. कारण त्या आनंदाचे कारण शोधताना मला जे उमगले ते मूळ तक्रारीहून मोलाचे वाटते. सॅम डार्सी 2021 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आमच्या क्लबात आला. त्याचे वडील ल्यूक डार्सी आमचे, आजोबा डेव्हिड डार्सीही आमचे. ज्या खेळाडूने एखाद्या क्लबासाठी किमान शंभर सामने खेळले असतील त्याच्या मुलावर त्या क्लबाचा अग्रहक्क, असा पितापुत्रांचा नियम या लीगमध्ये आहे, आणि इतर सर्व व्यवहारांत पैन्‌पैचा हिशेब मांडणारी ती तरुण मंडळी डार्सीविषयी बोलताना किती दिले, किती मिळाले हा प्रश्न उच्चारीतसुद्धा नव्हती. 2016 च्या विजयी संघातील टॉम लिबराटोरेही असाच, 1990 च्या ब्राउनलो पदकाचे मानकरी टोनी लिबराटोरे यांचा मुलगा. त्याचा निवड-क्रमांक कोणता, असे मी विचारले. एकालाही सांगता आला नाही.

या नियमाशी एक करुण कथा जोडलेली आहे. रॉन बरासी हा मेलबर्नच्या 1940 च्या अजिंक्य संघातील खेळाडू दुसऱ्या महायुद्धात गेला आणि 1941 च्या जुलैत तोब्रुक येथे मारला गेला. त्याचा मुलगा, त्याचेही नाव रॉन, तेव्हा पाच वर्षांचा होता. त्या काळी ज्याचे घर ज्या क्लबाच्या हद्दीत त्याने त्या क्लबाकडे जावे असा कायदा होता, आणि त्याप्रमाणे हा मुलगा वडिलांच्या क्लबाला मुकला असता. पितापुत्रांच्या नियमामुळे मात्र तो त्या क्लबाकडे येऊ शकला. मुलगा क्लबाचा प्रशिक्षक नॉर्म स्मिथ याच्या घरी राहून वाढला, 1953 मध्ये मेलबर्नकडून उतरला आणि त्या क्लबाबरोबर त्याने सहा अजिंक्यपदे मिळवली. नंतर हाच बरासी 1965 च्या हंगामासाठी कार्लटनला कप्तान व प्रशिक्षक म्हणून गेला, आणि त्या बातमीने सारे मेलबर्न शहर हादरले. आपल्या इच्छेने आलेला माणूस आपल्या इच्छेने जाऊही शकतो. वारसाला पायबंद घालावा असे त्या नियमात काहीच नव्हते. पुढे 1981 मध्ये तो मेलबर्नकडेच प्रशिक्षक म्हणून परतला, आणि 2023 मध्ये तो वारला तेव्हा दोन्ही क्लबांनी त्याला आपला म्हटले.

अलीकडे या नियमाविरुद्ध मोठी ओरड आहे. ब्रिस्बेनला मार्कस अॅशक्रॉफ्टचे दोन मुलगे लाभले, कॉलिंगवूडला पीटर डायकॉसचे दोन. ज्या क्लबांच्या नशिबी असे पुत्र नाहीत त्यांनी तळाशीच राहावे काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रश्न गैरवाजवी नाही. म्हणूनच 2015 मध्ये प्रत्येक क्रमांकाला गुण ठरवून देण्यात आले, पहिल्याला तीन हजार, आणि दुसऱ्या क्लबाने ज्या क्रमांकावर मागणी केली त्याचे गुण भरल्यावाचून मूळ क्लबाला वारस मिळेनासा झाला. 2025 पासून त्यांवरील वीस टक्के सूटही दहावर आली. माझे म्हणणे असे की, समतेसाठी हवी तर ती उरलेली सूटही रद्द करावी आणि पुरते मूल्य घ्यावे. हक्क मात्र मोडू नये. महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल की 2008 मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हा सचिन तेंडुलकरला मुंबईसाठी लिलावाबाहेर ठेवण्यात आले, आणि त्याचे मानधन संघातील सर्वांत मोठ्या बोलीहून पंधरा टक्के अधिक धरण्यात आले. मोबदला चोख दिला गेला. परंतु मुंबईचा सचिन मुंबईकडून खेळेल की नाही, हा प्रश्न बोलीवर सोडण्याचे धाडस कोणीही केले नाही. जेथे सगळेच तागडीत घालता येते तेथेही काही गोष्टी बाहेर ठेवाव्या लागतात, नाहीतर प्रेक्षकाला त्या संघाशी बांधणारा धागाच उरत नाही.

आणि हा धागा केवळ रक्ताचा असावा असे मला वाटत नाही. डार्सीला आम्ही त्याचा पहिला झेल पाहण्याआधी आपला मानले, त्याच्या चुका घरच्या मुलाच्या चुका म्हणून सोसल्या, दुखापतीत त्याची काळजी केली, आणि हे सारे देताना त्याच्याकडून परतफेड मागितली नाही. टॉम बॉइडला हेच सारे आम्हाला देता आले असते. त्याला वडिलांचा वारसा नव्हता म्हणून आम्ही ते दिले नाही, एवढाच काय तो फरक. नोव्हेंबरात पुन्हा मुलांची नावे पुकारली जातील. आडनावे ओळखीची असोत वा नसोत, जो कोणी आमच्या क्लबाची जर्सी अंगात घालील त्याच्या क्रमांकाचा वाद त्या दिवशी मिटवावा, आणि वारसाला जे आपण न मागता देतो ते त्यालाही द्यावे. माझ्या घरच्या फराळाच्या मंडळींना मी हेच सांगितले आहे, आणि इतर क्लबांच्या मराठी समर्थकांनीही ते मनावर घ्यावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे.