बहुतांचा ज्ञानकोश आणि आपले कर्तव्य

ज्ञानकोश म्हटला म्हणजे जाड पुठ्ठ्याचे, कपाटात ओळीने मांडलेले ग्रंथ डोळ्यांपुढे उभे राहतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अपार कष्ट सोसून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश आकारास आला. अशा ग्रंथांत एखाद्या गोष्टीविषयी वाद निघाला, तर संपादकाचा शब्द अखेरचा असे. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती आज जो ज्ञानकोश आहे, त्याची रीत अगदी निराळी आहे. २००१ साली इंग्रजीत निघालेला आणि १ मे २००३ पासून मराठीत सुरू झालेला विकिपीडिया हा बहुतांनी लिहावयाचा व बहुतांनीच सुधारावयाचा कोश होय.

कित्येक सुज्ञ पालक आम्हांस विचारतात की, ज्याला त्याला लिहू दिले तर खरे कोणते आणि खोटे कोणते? शंका रास्त आहे. परंतु दुसरी बाजूही पाहावी. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी आगगाडी सुरू झाली व ती आपल्या कड्यावरून धावू लागली. छापील कोशात ही गोष्ट यावयास नवी आवृत्ती निघावी लागली असती. बहुतांच्या कोशात मात्र ती त्याच दिवशी कोणासही नोंदविता येते. लहान गावांस ज्ञानाच्या भांडारात जागा मिळाली, ती या मोकळ्या दारामुळेच. मात्र ज्या दाराने साव येतो, त्याच दाराने चोरही येतो.

याच वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याने संगणकाच्या तासास आपल्या चिमुकल्या गावाच्या पानावर सरपंच म्हणून आपल्या मित्राचे नाव घातले. आम्ही त्यास जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "सर, गंमत केली. आमच्या गावाचं पान कोण वाचतंय?" रागे भरण्यास उघडलेले तोंड आम्ही मिटले, कारण सर्व रोगाचे मूळ त्या एका प्रश्नात होते.

दोन उदाहरणे देतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबई येथे भारत-पाकिस्तान सामन्यात अर्शदीप सिंग याच्या हातून एक झेल सुटला. त्याच रात्री कोणी अनामिकाने त्याच्या इंग्रजी पानावर देशाचे नाव बदलून भलतेच लिहिले. त्या पानावर शेकडो डोळे होते. पंधरा मिनिटांच्या आत तो मजकूर काढला गेला. तरी तेवढ्या अवधीत त्याची छायाचित्रे हजारो दूरध्वनींवरून फिरली, आणि भारत सरकारनेही संस्थेकडे खुलासा मागितला. आता दुसरे उदाहरण. २००५ च्या मे महिन्यात जॉन सायगेनथालर या वृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कोणी लिहिले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. वास्तविक हे गृहस्थ रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक व स्नेही होते. लिहिणाऱ्याने पुढे कबूल केले की, आपण एका सहकाऱ्यास चकित करण्यासाठी थट्टा केली. ही थट्टा सुमारे चार महिने तशीच राहिली.

एकीकडे पंधरा मिनिटे, दुसरीकडे चार महिने! दोन्ही ठिकाणी दार मोकळेच होते. मोठा भेद होता तो पाहणाऱ्यांचा. प्रसिद्ध माणसाच्या पानास रखवालदार पुष्कळ. आपल्या गावच्या पानास कोण? म्हणून आम्ही म्हणतो की, ज्या पानाकडे जगाचे लक्ष नाही, तेथील खोटे अधिक घातक होय. तेच खोटे पुढे वर्तमानपत्रात, भाषणात व मुलांच्या निबंधात खरे होऊन बसते.

परंतु येथे एक विवेक केला पाहिजे. मराठी विकिपीडियावर खोडसाळ लेखनास 'उत्पात' असे म्हणतात. उत्पात निराळा आणि मतभेद निराळा. उत्पात दिसताच पुसावा. तेथे चर्चेची गरज नाही. प्रत्येक पानाचा 'इतिहास' जपलेला असतो. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्यात दिसते, आणि पूर्वीचा मजकूर क्षणात परत आणता येतो. परंतु जो आपल्याहून वेगळे लिहितो, त्यालाच उत्पाती ठरवून त्याचे लेखन पुसत सुटणे, हा आम्हांस उत्पाताइतकाच मोठा दोष वाटतो. आपण पुसावे, त्याने पुन्हा लिहावे, आपण पुन्हा पुसावे. अशा लढाईत सत्याचे काहीच साधत नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर नियमच आहे की, एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवू नये. 'माझेच खरे आहे' ही सबब तेथे चालत नाही. प्रत्येक पानास जोडून 'चर्चा' पान असते. तेथे पुरावा मांडावा, दुसऱ्याचा ऐकावा, आणि तरीही न जमले तर इतर संपादकांस मत विचारावे. मराठी विकिपीडियावर सर्वांनी मिळून बोलावयाच्या जागेस 'चावडी' असे नाव आहे, आणि नवशिक्याने हात बसविण्यासाठी गिरवावयाच्या पानास 'धूळपाटी' म्हणतात. ही नावे ठेवणारांनी गावही जाणला आणि शाळाही जाणली, असे म्हणावे लागेल.

अशा रीतीने वाद मिटतो काय? आपल्या शेजारच्याच शहराचे उदाहरण घ्या. २०२४ साली अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. आता एकजण म्हणेल, जुने नाव सर्वत्र पुसून टाका. दुसरा म्हणेल, नवे नाव कोठेच नको. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ साली जेथून निघाले, ते गाव त्या वेळी अहमदनगर होते. आज आपण तेथे जावयास निघालो, तर अहिल्यानगरास जातो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. प्रत्येकाचे वर्ष तेवढे निराळे. पोलंडातील ग्दान्स्क शहरावरून इंग्रजी विकिपीडियावर असाच तंटा दीर्घकाळ चालला. अखेर २००५ साली मत घेऊन ठरले की, १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना डांझिग म्हणावे, व त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाविषयी ग्दान्स्क. ज्या वादात दोन्ही पक्ष एकमेकांस लबाड समजत होते, तो केवळ सनांचा मेळ घातल्याने निवळला.

यास्तव विद्यार्थ्यांस आमचे सांगणे आहे. लिहिण्याची हौस असेल तर प्रथम धूळपाटीवर लिहा. मग आपल्या गावाविषयी, तेथील ओढ्याविषयी, बाजाराविषयी, देवळा-मशिदी-चर्चविषयी लिहा. परंतु जे लिहाल त्यास छापील आधार दाखवा. 'आजोबा सांगतात' हे घरात पुरे असते, कोशात पुरे नसते. दुसऱ्याचे पुसण्यापूर्वी त्यास कारण विचारा. आणि आपण चुकलो असे कळल्यास तेथेच तसे लिहा. त्यात कमीपणा नाही.

पालकांसही एक विनंती आहे. मूल दूरध्वनीवर काही वाचून दाखवू लागले की 'कशावरून?' एवढा एकच प्रश्न विचारीत जा. त्यासाठी आपणांस संगणक येण्याची गरज नाही. आडतीवर कांद्याचे वजन डोळ्यांनी पाहून मगच पट्टी घेणाऱ्या शेतकऱ्यास हा प्रश्न कोणी शिकविला पाहिजे असे नाही.

त्या नववीतील विद्यार्थ्याची हकीकत सांगून हा लेख पुरा करतो. दुसऱ्या दिवशी त्याने ते नाव स्वतःच काढले, आणि बदलाचे कारण लिहावयाच्या जागी 'माझी चूक दुरुस्त केली' एवढे चार शब्द लिहिले. ते चार शब्द आता त्या पानाच्या इतिहासात आहेत, आणि त्यांच्या खालच्या ओळीतली त्याची थट्टाही आहे; दोन्ही कोणासही वाचता येतात. त्यानंतर त्याने ते पान आपल्या पहाऱ्याच्या सूचीत घातले. त्या पानाला आता निदान एक वाचक आहे. आपल्या प्रत्येक गावास असा एक तरी मिळो, हीच आमची इच्छा.