वायर जाड की प्लास्टिक जाड?

दिवाळी तोंडावर आली की होम थिएटरची खरेदी जोरात सुरू होते आणि सोबत बोटाएवढ्या जाड स्पीकर केबलचा धंदाही. "साहेब, सिस्टिम चाळीस हजाराची आणि वायर साधी? मग आवाज खुलणार कसा?" असं काउंटरवर सर्रास ऐकवलं जातं. आज मला या वाक्याविरुद्धच बोलायचंय. कारण त्यात अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावरच गिऱ्हाईक पुरतं लुटलं जातं.

आधी खरं ते सांगतो. वायर जितकी जाड तितका तिचा रोध कमी, आणि जितकी लांब तितका जास्त. हे शाळेतलं विज्ञान आहे. केसासारखी ०.२ स्क्वेअर एमएमची वायर १५ मीटर ओढली, तर जाऊन-येऊन ३० मीटर तांबं होतं आणि त्याचा रोध अडीच ओहमच्या घरात जातो. पुढे ४ ओहमचा स्पीकर असेल तर आवाज पडणारच. शिवाय स्पीकरचा स्वतःचा रोध खर्जाला वेगळा, तार सप्तकाला वेगळा. त्यामुळे आवाजाचा तोलही बिघडतो. इथपर्यंत दुकानदाराचं बरोबर.

आता आपल्या घरातला हिशोब करा. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ५ मीटरवर. १ स्क्वेअर एमएमच्या साध्या तांब्याच्या वायरीचा येऊन-जाऊन रोध साधारण ०.१७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला आवाजातली घट ०.२ डेसिबलच्याही आत. अडीच स्क्वेअर एमएमची घेतली तर ०.१ च्या आत. गाणं ऐकताना एक डेसिबलचा फरकसुद्धा बहुतेकांना मुश्किलीने कळतो. मग मीटरला हजारो रुपये मोजून नेमकं काय विकत घेतो आपण?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "तुम्हाला फरक कळत नाही, कारण तुमचा कान तयार नाही." माझा खरा राग या उत्तरावर आहे. माल सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. इथे गिऱ्हाइकालाच लाजवून पैसे काढले जातात. तयार कान असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखून दाखवा ना! अमेरिकेतले जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये महागडी आणि साधी स्पीकर केबल नुसत्या कानाने ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते कोणी नेले नाहीत. चमत्कार सिद्ध करा आणि बक्षीस न्या, हे अंनिसचं आव्हान आपल्याला ठाऊक आहे. बाबाला विचारतो तोच प्रश्न केबलवाल्याला विचारायला काय हरकत आहे?

दुसरी फसवणूक याहून वाईट, कारण तिची झळ कमी पैसेवाल्याला लागते. वायर बाहेरून लठ्ठ दिसते, पण ती जाडी प्लास्टिकची. आत मोजक्या तारा, त्याही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध साधारण दीडपट. म्हणजे जाडी बघून घेतली आणि जाडीच मिळाली नाही!

म्हणून वायर घेताना तीन गोष्टी करा. आतल्या धातूचं माप विचारा. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरीवर २३/३६, ४०/३६ असं सांगतात. पहिला आकडा तारांचा, दुसरा प्रत्येक तारेच्या गेजचा. घरच्या खोलीला ४०/३६ पुष्कळ झाली, अंतर मोठं असेल तर अडीच स्क्वेअर एमएम घ्या. मग एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम. आणि 'शुद्ध तांबे' हे शब्द बिलावर लिहून मागा. तोंडी दाव्याची हिंमत बिलावर किती टिकते ते तिथेच कळेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिल हातात असेल तर तक्रारीला जोर येतो.

वाचलेल्या पैशात थोडा चांगला स्पीकर घ्या, खोलीत जाड पडदा लावा, गालिचा टाका. त्याचा फरक घरातल्या आजीलाही ऐकू येईल.

दुकानदार मित्रांनी रागावू नये. डोळे झाकून घेतलेल्या चाचणीचा निकाल कोणाकडे असेल तर द्या, याच वॉलवर जसाच्या तसा टाकतो.