हाड मोडल्यानंतरचे पहिले दोन दिवस

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली आणि व्यापार-उदिमासाठी आलेली अनेक कुटुंबे पालघर-बोईसर परिसरात स्थिरावली. त्या पिढीतील माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. या वयात न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पाय घसरणे हे निमित्त लहान असते, परिणाम मात्र मोठा होतो. खुब्याजवळ मांडीचे हाड मोडते आणि कालपर्यंत स्वतःच्या पायांनी मंदिरात जाणारी आजी क्षणात परावलंबी होते.

पडलेल्या माणसाचा पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर त्याला उभे करण्याचा अथवा पाय चोळून देण्याचा मोह टाळावा. पाय हलू न देता रुग्णवाहिका बोलवावी. १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. रुग्णालयात क्ष-किरण चित्र निघते, निदान होते आणि खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते. ती रुग्णाइतकीच कुटुंबाचीही असते.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातलग जमतात. कोणी म्हणते, वय झाले आहे, आता कापाकापी नको. कोणी शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला नेऊ म्हणते, कोणी वापी-वलसाडचे नाव काढते. परगावच्या मुलाची वाट पाहिली जाते. या चर्चेत दोन-तीन दिवस सहज निघून जातात. हे सारे प्रेमापोटीच घडते, परंतु वृद्धांच्या खुब्याच्या अस्थिभंगात विलंबाची किंमत रुग्ण मोजतो. पडून राहिल्याने छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला शय्याव्रण होतात, पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात आणि स्नायूंची शक्ती झपाट्याने ओसरते. म्हणूनच प्रकृती साथ देत असेल तर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. जवळच्या रुग्णालयात ही सोय असेल तर केवळ मोठ्या नावासाठी थांबू नये. दुसरीकडे न्यायचेच असेल, तर तो निर्णय त्याच दिवशी घ्यावा.

पूर्वी अशा रुग्णाच्या पायाला वजन बांधून त्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवीत. १९३९ मध्ये जर्मन शल्यविशारद गेरहार्ड कुंचर यांनी हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवण्याची पद्धत आणली, १९६२ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याला आधुनिक रूप दिले, आणि चित्र पालटले. महाराष्ट्रात अस्थिशल्यचिकित्सा सर्वसामान्यांपर्यंत नेण्यात पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांचा मोठा वाटा आहे. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. आज शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला वॉकर धरून उभे केले जाते.

तरीही खाटेवरच्या माणसाचे दुःख केवळ हाडाचे नसते. परक्या हातांनी अंथरुणातच भांडे द्यावे, हा संकोच वेदनेहून जड असतो. आपल्या देहाविषयी सर्व जण बोलत आहेत, पण आपल्याला कोणीच काही विचारत नाही, ही बोच त्याहून खोल असते. कमरेत भुलीचे इंजेक्शन देणार आहेत, पाय काही तास बधिर राहील, उद्या उभे राहताना दुखेल पण हाड हलणार नाही, एवढे चार शब्द कोणी खाटेशी बसून सांगितले तर निम्मी भीती ओसरते. शुद्धीत असलेल्या वृद्धाची संमती त्याच्याशी बोलूनच घ्यावी. मुलाची सही त्याची जागा घेऊ शकत नाही.

रात्रिभोजनत्याग किंवा इतर नियम असतील तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावेत. पुष्कळ औषधांच्या वेळा दिवसात बसवता येतात आणि जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी अनेकदा गोळी मिळू शकते. मात्र न सांगता औषध चुकवणे घातक ठरते. जखम भरून येण्यासाठी डाळी, दूध, पनीर यांतून प्रथिने पोटात जायला हवीत. या काळातील उपवासाविषयी डॉक्टरांशी आणि गुरुजनांशी मोकळेपणाने बोलावे.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दाखल होतानाच करावी. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

घरी परतल्यावर व्यायाम कंटाळवाणा वाटतो, दुखतोही. नेमके तेव्हाच घरच्यांचे लक्ष ओसरू लागते. रोज ठरल्या वेळी कोणीतरी सोबत चार पावले चालावे. एकदा खुबा मोडलेल्या माणसाचे दुसरे हाड मोडण्याचा धोका अधिक असतो, म्हणून हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि उपचार टाळू नयेत. न्हाणीघरात भिंतीला पकडदांडी, पायाखाली न घसरणारी चटई आणि रात्री मंद दिवा, या तीन गोष्टींना फारसा खर्च लागत नाही. ज्या घरात अजून कोणी पडलेले नाही, त्या घरात त्या याच आठवड्यात बसवाव्यात.