टेबल आलं, पण हात आपलाच!

हल्ली आमच्या बोरिवली-मुलुंडकडे कुणाचं नवं घर बघायला गेलात तर डायनिंग टेबल हमखास असतंच. भले चारपैकी दोन खुर्च्या भिंतीला चिकटलेल्या असोत! आणि गेल्या काही वर्षांत त्या टेबलावर, नाहीतर शोकेसमध्ये, चॉपस्टिक्सची जोडीही दिसायला लागली आहे. कुणी आहेरात दिलेली, कुणी सिंगापूरच्या सहलीतून आणलेली. काळ्या, लाल, शिंपल्यांची नक्षी असलेल्या, धातूची मूठ लावलेल्या 'मॉडर्न'सुद्धा. दिसायला देखण्या. पण "वापरता का हो?" विचारलं की उत्तर एकच, "छे हो, मुलं नूडल्स काट्यानेच खातात!"

मला टिंगल करायची नाही. उलट या काड्यांविषयी वाचायला लागले तेव्हा वाटलं, आपण काड्या तेवढ्या आणल्या, त्यामागचा विचार तिकडेच राहिला.

बघा ना, चीनमध्ये भांडी टेबलाच्या मधोमध ठेवून सगळे त्यातून घेतात. हात लांब न्यावा लागतो, म्हणून काडी लांब, जाड, बोथट. जपानात मासे जास्त, काटे वेचायचे, म्हणून ती आखूड नि टोकदार. कोरियात काडी धातूची, चपटी, आणि भात-सार खायला सोबत लांब दांड्याचा चमचा. तीन शेजारी, तीन तऱ्हा. आधी जेवण, मग अवजार. चिरण्या-कापण्याचं काम सगळं आधीच स्वयंपाकघरात उरकलेलं. (ते उरकणारी बहुतेक घरांत बाईच, हे वेगळं सांगायला नको.)

जपानात तर काडी हाताच्या मापाने घ्यावी असा संकेत आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काटकोनात ताणा. दोन टोकांमधलं अंतर जेवढं भरेल त्याच्या दीडपट लांबीची काडी तुमची. घरात प्रत्येकाची आपापली. तिथे नवरा-बायकोची म्हणून जोडीही विकतात, नवऱ्याची लांब, बायकोची आखूड. आमच्याकडे ह्यांचा नि माझा हात मोजून बघितला तर माझाच जरासा मोठा भरला! पण चमच्यांचा सेट घेताना आपण कधी कुणाचा हात बघितलाय? सहा जणांचा सेट घेतला की झालं.

टेबल आल्यावर आपल्या जेवणाचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. पाटावर बसायचो तेव्हा ताट खाली आणि आपण त्यावर वाकलेले. घास निसटला तर ताटातच पडायचा. टेबलावर ताट वर आलं, आपण ताठ बसलो. त्यात काठाचं स्टीलचं ताट मागे पडून पसरट क्रॉकरी आली, जी मुळात काट्या-चमच्याने खायच्या जेवणासाठी घडवलेली. आमटी तिच्यात पळत सुटते. भात कालवून घास गोळा करायचा तर बोटांना काठाचा आधार लागतो, हे ती बनवणाऱ्याला कोण सांगणार?

सगळ्यात जास्त कुचंबणा होते घरातल्या वयस्कर माणसांची. मंडळाच्या कामासाठी घरोघरी जाणं होतं, तेव्हा हे दिसतं. एक आजी आहेत, संधिवाताने बोटं वाकलेली. सून प्रेमाने टेबलावर बोलावते, तर या म्हणतात, "मला आत्ता भूक नाही." मग सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात एकट्याच जेवतात. भूक असते हो! सांडेल, नातवंडं बघतील, याची लाज असते. चमचा दिला तर दांडा इतका बारीक की वाकड्या बोटांत गरकन फिरतो. अर्धांगवायूतून उठलेले, हात थरथरणारे आजोबाही असेच. त्यांनी लग्नकार्याला जाणंच सोडलेलं असतं आणि घरचे समजतात, यांचा स्वभाव तिरसट झालाय.

जपानात अशा हातांसाठी वरच्या टोकाला स्प्रिंगने जोडलेल्या चॉपस्टिक्स मिळतात. चिमट्यासारख्या दाबायच्या की झालं. म्हातारपणीही चारचौघांसारखं जेवता येतं. अमेरिकेत सॅम फार्बर यांच्या पत्नीला, बेट्सींना, संधिवातामुळे सोलाणं धरवेना. म्हणून त्यांनी जाड रबरी मुठीचं सोलाणं तयार करवलं. १९९० मध्ये ते बाजारात आलं आणि धडधाकट हातांच्या बायकांनीही उचललं. 'आजाऱ्याची वस्तू' असा शिक्काच बसला नाही, हे मला फार आवडलं.

आपल्याकडे हे का होऊ नये? घाटकोपर-मुलुंडहून हाकेच्या अंतरावर, पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइनचं केंद्र आहे. कोकणात कुडाळला, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूच्या वस्तूंचं काम चालतं. शिवाय १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे काटे-चमचे देशभर बंद झाले, म्हणजे नवे चमचे घडवायचेच आहेत. सध्या हळदीकुंकवाला जे लाकडी चपटे चमचे मिळतात ते जिभेला खरखरीत लागतात आणि त्यांत आमटी काही राहत नाही. आणि लाकूड आलं म्हणजे सुटलो असंही नाही. चीनने २००६ मध्ये एकदाच वापरायच्या लाकडी चॉपस्टिक्सवर ५ टक्के कर बसवला तो उगाच नव्हे.

मला हवाय तो जाड पण हलक्या मुठीचा चमचा, एका बाजूला उभा काठ असलेलं ताट आणि धक्क्याने कलंडणार नाही अशी रुंद बुडाची वाटी. खाचाखोचा नकोत, कारण त्यात अडकलेलं खरवडत शेवटी आपणच बसणार! आणि हे औषधांच्या दुकानात नको, भांड्यांच्या दुकानात मिळायला हवं, बाकीच्या सेटसारखंच दिसणारं.

तोवर घरच्या घरी एक करता येतं. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ घट्ट बसवा, आत पोकळी राहिली तर चिंधी गुंडाळा. मूठ काढून धुता आली पाहिजे. ताटाखाली ओलं फडकं घडी करून ठेवा, म्हणजे ताट सरकत नाही. त्या आजींच्या चमच्याला आम्ही अशीच मूठ बसवली. आता त्या टेबलावर बसतात. मूठ नेमकी भडक निळी निघाली, ती सुनेच्या सेटला शोभत नाही म्हणे. काळी मिळते का, ते बघतेय.