राणी किलोतलेवर अन्याय

‘इनुयाशा’सारख्या जादू, लढाई आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या जपानी ॲनिमे मालिका पुण्यातली तरुण मुलं आवडीने पाहतात. मंडईजवळच्या आर्यन चित्रगृहाने 1915 पासून ज्या शहराला सिनेमाची गोडी लावली, त्याला हे मिश्रण नवं नाही. ‘प्रभात’चा ‘माया मच्छिंद्र’ आला तो 1932 साली.

व्ही. शांताराम यांच्या या बोलपटात दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी किलोतला झाल्या, सोबतीला चक्क चित्ता! त्यांची ती ऐट, ती जरब आजच्या कितीतरी मालिकांतल्या नायिकांमध्ये सापडत नाही. गोविंदराव टेंबे यांचा मच्छिंद्रनाथ तिच्यापाशी रमतो, मास्टर विनायक यांचा गोरखनाथ गुरूला सोडवायला येतो. पडद्यावरचे चमत्कार त्या काळाच्या मानाने थक्क करणारे.

घोळ होतो तो शेवटी. शिष्याला शिकवण्यासाठी गुरूनेच ही सारी माया रचली होती, असं कळतं. म्हणजे राणीचं प्रेमही गेलं! एवढी तेजस्वी स्त्री उभी करून तिला भास ठरवणं पटत नाही.

‘इनुयाशा’ची पहिली मालिका 167 भाग रेंगाळते, खलनायक नाराकू पुन्हा पुन्हा निसटतो आणि कंटाळा येतो. पण रुमिको ताकाहाशींच्या या कथेत पुजारीण किक्योचं दुःख मात्र अखेरपर्यंत खरंच राहतं.