घड्याळांची पेटी

नवरात्रात आमच्या कोराडीला जगदंबेच्या दर्शनासाठी ही गर्दी! घरी पाहुणे येणार म्हणून कपाट आवरायला घेतले, तर घड्याळांची पेटीच हाती आली.

एकूण नऊ घड्याळे! सर्वांत जुने मामंजींचे, एचएमटीचे ‘जनता’. 1974 साली इथल्या वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा ते हेच घड्याळ लावून पाळीवर जात. बाकीची माझी हौस. दर दिवाळीला आधीपेक्षा भारी! यंदा स्विस घड्याळासाठी पैसेही साठवले होते.

पण मुलीच्या जन्माच्या वेळी ह्यांनी दिलेले घड्याळ उघडवले तो काय, संपलेला सेल आतच पाझरून यंत्र गंजलेले! दुरुस्तीवाल्याने मान हलवली. मनात आले, अगं बाई, मी घड्याळे जमवत होते की कोंडून ठेवत होते?

मैत्रिणींनो, वापरात नसलेल्या घड्याळातला सेल काढवून घ्या. किल्लीच्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्या. घट्ट लागली की थांबा. ओल आणि लोहचुंबक यांपासून घड्याळे दूर ठेवा.

स्विस घड्याळाचा बेत मी सोडला. त्या पैशांतून जुनी घड्याळे साफ करून घेतली. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 सालीच झाला. तसले ‘जनता’ जपायलाच हवे. आजोबांचे ते घड्याळ मुलगी कॉलेजात लावून जाते. रोज सकाळी न विसरता किल्ली देते हो!