'सम' आणि 'काही'

इंग्रजी 'सम'समोर शालेय व्याकरणाने 'काही' हा प्रतिशब्द लिहून ठेवला आणि पुढच्या पिढ्यांनी तो प्रमाण मानला. पदव्युत्तर वर्गाच्या अनुवादाच्या उत्तरपत्रिकांतही 'मला काही पाणी हवे आहे' अशी वाक्ये आम्हांला आढळतात. व्याकरणाची चूक दाखवता येत नाही. पण असे मराठीत कोणी म्हणत नाही.

'सम'चे उच्चार दोन आहेत, ही बाब येथे निर्णायक ठरते. 'सम वॉटर' म्हणताना तो जवळजवळ गिळला जातो. तेथे त्याचे काम उपपदासारखे असते. मराठीला तशा उपपदाची गरज नाही, म्हणून तो गाळावा: 'मला पाणी हवे आहे'. 'सम पीपल'मध्ये त्यावर आघात पडला, की गट वेगळा काढला जातो: काहींना हे रुचते, काहींना रुचत नाही. 'काही'चा खरा हक्क येथे. एरवी 'सम ट्वेन्टी' म्हणजे 'वीसेक', 'सम डे' म्हणजे 'कधीतरी', 'सम मॅन' म्हणजे 'कोणी एक मनुष्य'. चहा विचारताना 'एनी'ऐवजी 'सम' योजला, तर होकाराची अपेक्षा असते. मराठीत तो भार 'चहा घेणार ना?' यातला 'ना' उचलतो.

30 डिसेंबर 1941 रोजी ओटावा येथे कॅनडाच्या संसदेपुढे चर्चिल यांनी फ्रेंच सेनानींचे भाकीत सांगितले: तीन आठवड्यांत इंग्लंडची मान कोंबडीसारखी मुरगळली जाईल. मग कोंबडी आणि मान या दोन शब्दांआधी त्यांनी केवळ 'सम' लावला आणि हशा पिकला. येथे 'काही कोंबडी' लिहिले, तर भाषणाचा प्राणच जातो. 'काय पण कोंबडी!' या उद्गारात मात्र तो उपहास आणि ती ऐट दोन्ही उतरतात.

याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. प्रतिशब्दांचे तक्ते आपणच पाठ करून घेतले. त्यापेक्षा मूळ वाक्य वर्गात मोठ्याने वाचून घ्यावे, आघात कोठे पडतो ते ऐकवावे आणि मगच लेखणी उचलू द्यावी. अन्यथा एका 'काही'पायी 'वीसेक', 'एखादा', 'जरासा', 'कोणी एक' हे शब्द लेखनातून हद्दपार होतील. इंग्रजीचे त्यात काही बिघडणार नाही. नुकसान मराठीचे होईल.